तीन स्तोत्रं, २७ वचनं: रात्रीच्या प्रार्थनेचं पाठांतर कसं करावं

बायबलमधलं काय पाठ करावं असं विचारलं की बहुधा सुट्या वचनांची यादी हातात पडते. योहान ३:१६, फिलिप्पै ४:१३, यिर्मया २९:११. या वचनांत काही वावगं नाही. अडचण अशी की ती नेमकी म्हणायची केव्हा, हे यादीत लिहिलेलं नसतं. मग संडे स्कूलच्या स्पर्धेपुरती ती तोंडात बसतात आणि पुढच्या सोमवारी निम्मी गळून जातात. ख्रिस्ती परंपरेत जे पाठांतर शतकानुशतकं टिकलं, ते बहुतेक प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळेला बांधलेलं होतं. वेळ झाली की ते म्हणायचंच, त्यामुळे उजळणी आपोआप व्हायची.

म्हणून या लेखात एकच नेमका संच घेतला आहे: झोपण्यापूर्वी म्हणायची तीन स्तोत्रं. स्तोत्र ४ (८ वचनं), स्तोत्र ९१ (१६ वचनं) आणि स्तोत्र १३४ (३ वचनं). एकूण २७.

ही निवड जुनी आहे. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात दीडशेच्या दीडशे स्तोत्रं आठवड्याभरात म्हणून व्हावीत अशी वाटणी केलेली आहे. बहुतेक स्तोत्रं वारानुसार बदलतात, पण दिवसाच्या अगदी शेवटच्या प्रार्थनेला मात्र रोज हीच तीन. रोज तीच असल्यामुळे पुस्तक उघडावं लागत नाही. (जुन्या लॅटिन पुस्तकांत ती ४, ९० आणि १३३ या क्रमांकांनी सापडतील. तिथली मोजणी बऱ्याच स्तोत्रांत एकाने मागे आहे. काही आवृत्त्यांत स्तोत्राचं शीर्षक हेच पहिलं वचन धरतात, तिथे चौथ्या स्तोत्रात ८ ऐवजी ९ वचनं दिसतील.) कॅथलिक चर्चने १९७१ साली दैनिक प्रार्थनेची नवी रचना केली तेव्हा ही तीन स्तोत्रं शनिवार आणि रविवार रात्रीसाठी ठेवली. सोबत मुभाही दिली, की हवं तर आठवड्यातल्या कुठल्याही रात्री रविवारचीच स्तोत्रं म्हणावीत, आणि कारण म्हणून पाठ म्हणणाऱ्यांची सोय हेच सांगितलं. अँग्लिकन रात्रप्रार्थनेतही हीच तीन येतात, जोडीला स्तोत्र ३१ ची पहिली ६ वचनं. तेव्हा पंथ कुठलाही असो, हा संच परका वाटू नये.

पाठांतराचा आग्रह बेनेडिक्टच्याही आधीचा. चौथ्या शतकात इजिप्तमध्ये पखोमियसच्या मठांत नवा माणूस आला की त्याला आधी २० स्तोत्रं किंवा प्रेषितांची दोन पत्रं पाठ करायला देत. त्याला वाचता येत नसेल तर दिवसातून तीन वेळा जाणत्या माणसापुढे उभं राहून शिकायचं. पुढे निदान स्तोत्रसंहिता, म्हणजे दीडशे स्तोत्रांचं पूर्ण पुस्तक, आणि नवा करार प्रत्येकाला पाठ हवा, अशी अपेक्षा. ७८७ साली चर्चच्या नायसिया इथल्या दुसऱ्या परिषदेने ठरवलं की ज्याला स्तोत्रसंहिता पाठ नाही त्याला बिशप करू नये. सामान्य माणसाला दीडशे स्तोत्रं जमणं कठीण, म्हणून त्यांच्या जागी दीडशे वेळा मरियेची प्रार्थना म्हणायची पद्धत पडली आणि त्यातून रोझरी (जपमाळेची प्रार्थना) घडत गेली. आपल्याकडे १५४२ साली गोव्यात आलेले फ्रान्सिस झेवियर रस्त्यातून घंटा वाजवत मुलं गोळा करायचे आणि प्रार्थना चालीवर म्हणून घ्यायचे. नंतर दक्षिणेत कोळी वस्त्यांत गेले तेव्हा प्रार्थनांचं तमिळ भाषांतर करवून घेऊन ते त्यांनी आधी स्वतः पाठ केलं. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ च्या ख्रिस्तपुराणासाठी ओवी निवडली. तोंडी बसायला तिच्याइतका सोयीचा छंद मराठीत दुसरा नाही.

आधी प्रत ठरवा

सुरुवात करण्याआधी एक निर्णय घ्यावा लागतो आणि तो नंतर बदलता येत नाही: कुठलं भाषांतर? धर्मशिक्षणासाठी लिहिलेल्या १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीच्या प्रस्तावनेत मार्टिन ल्यूथर पाळकांना बजावतात, की एक पाठ निवडा आणि त्यालाच चिकटून राहा, एक अक्षरही इकडचं तिकडे करू नका. आज एका शब्दाने आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या शब्दाने शिकवलं तर साध्या माणसाचा गोंधळ उडतो आणि सगळे कष्ट वाया जातात. मराठीत हा धोका मोठा आहे. प्रभूच्या प्रार्थनेत एका मंडळीत ‘आमची ऋणे आम्हांला सोड’ म्हणतात, दुसरीकडे अपराधांची क्षमा मागतात. प्रॉटेस्टंट मंडळ्या शेवटी ‘राज्य, सामर्थ्य व गौरव’ हे वाक्य जोडून म्हणतात. कॅथलिक मिस्सात (सामुदायिक उपासनेत) मध्ये धर्मगुरूंची प्रार्थना येते आणि ते वाक्य तिच्यानंतर. दुसऱ्यांच्या चर्चमध्ये गेल्यावर माणूस अडखळतो तो नेमका इथे.

आमचं मत विचाराल तर तुमच्या मंडळीत जे भाषांतर मोठ्याने वाचलं जातं तेच घ्या, मग ते थोडं जुन्या वळणाचं असलं तरी चालेल. कानावर आधीच पडलेलं वाक्य लवकर बसतं. शिवाय जुन्या भाषांतरांची लय बहुधा जास्त ठाशीव असते. फार सोपं, बोलकं भाषांतर समजायला बरं, पण पाठ करायला घसरडं, कारण त्याचीच वाक्यं आपण नकळत आपल्या शब्दांत फिरवतो.

प्रतही एकच ठेवा. बाराव्या शतकातले सेंट व्हिक्टरच्या मठातले ह्यू विद्यार्थ्यांना सांगायचे की पाठ करताना पुस्तक बदलू नका. वचन पानावर कुठे होतं, डावीकडे की उजवीकडे, वर की खाली, अक्षराचा रंग कुठला, हे सगळं आठवणीला धरून ठेवतं. फोनवर ही सोय जाते. अक्षर लहान-मोठं केलं की प्रत्येक ओळीची जागा हलते. छापील पुस्तक घ्या, नाहीतर वहीच्या एका पानावर हाताने पूर्ण स्तोत्र उतरवून त्याच पानावरून पाठ करा.

स्तोत्राचा नकाशा

घोकायला बसण्यापूर्वी स्तोत्रात कोण कोणाशी बोलतंय ते पाहायचं. पाठांतर तुटतं ते बहुधा बोलणारा बदलतो त्या जागी.

स्तोत्र १३४ सोपं. पहिल्या दोन वचनांत रात्री परमेश्वराच्या घरात उभे राहणाऱ्या सेवकांना हाक मारली आहे, तिसऱ्यात आशीर्वाद आहे. संपलं.

स्तोत्र ४ चे तीन भाग. पहिलं वचन देवाशी. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत माणसांशी: किती वेळ खोट्याच्या मागे लागाल, पाप करू नका, अंथरुणात मनाशी विचार करा आणि गप्प राहा. सहाव्यापासून पुन्हा देवाशी: आमचं भलं कोण करणार असं पुष्कळ लोक म्हणतात, पण तू दिलेला आनंद धान्य आणि द्राक्षारस यांच्या सुबत्तेहून मोठा आहे, आणि म्हणून मी निवांत झोपतो. हे स्तोत्र रात्रीला का दिलं ते या शेवटच्या वचनातच कळतं.

स्तोत्र ९१ मोठं आहे, पण त्याची बांधणी घट्ट आहे. पहिल्या दोन वचनांत देवाला चार नावांनी संबोधलं आहे: परात्पर, सर्वसमर्थ, परमेश्वर, देव. चारही याच क्रमाने येतात, क्रम धरला की दोन्ही वचनं धरली. ३ आणि ४ मध्ये पारध्याचा फास आणि पंखांची सावली. ५ आणि ६ मध्ये चार भीती: रात्रीची, दिवसाची, काळोखातली, दुपारची. अंधार आणि उजेड आलटून पालटून येतात, हे एकदा लक्षात आलं की क्रम चुकत नाही. ७ आणि ८ मध्ये आजूबाजूला पडणारे हजारो. ९ आणि १० मध्ये पुन्हा आश्रय. ११ आणि १२ मध्ये देवदूत, १३ मध्ये सिंह आणि नाग. १४ पासून अचानक देव स्वतः बोलू लागतो. शेवटच्या तीन वचनांत आठ अभिवचनं आहेत: सोडवीन, उंचावर ठेवीन, ऐकेन, जवळ राहीन, पुन्हा सोडवीन, गौरव करीन, दीर्घायुष्याने तृप्त करीन, तारण दाखवीन. तुमच्या प्रतीत शब्द वेगळे असतील, क्रम हाच असेल. हाताच्या बोटांवर मोजत म्हणा. सात भरली तर बहुतेक दुसरं ‘सोडवीन’ गळलेलं असतं.

या स्तोत्रात एक खड्डा आहे आणि त्यात जवळजवळ सगळे पडतात. आश्रयाची गोष्ट दुसऱ्या वचनात येते आणि नवव्यातही येते. नववं म्हणता म्हणता जीभ सरळ तिसऱ्याकडे वळते आणि माणूस स्तोत्राला दुसरी फेरी घालू लागतो. यावर उपाय म्हणजे ९ आणि १० ही दोन वचनं सुटी न शिकता एका दमात शिकायची आणि पुढे लगेच ११ जोडायचं. मरीचंही (रोगाच्या साथीचंही) तसंच, ती तिसऱ्यात आहे आणि सहाव्यातही.

रोजचं काम

रोज एक वचन, आठवड्याचे सहा दिवस, रविवारी नवीन काही नाही. या हिशोबाने १३४ आणि ४ दोन आठवड्यांच्या आत होतात आणि ९१ पाचव्या आठवड्याच्या मध्यावर संपतं. सहा आठवडे धरून चाला. चार-पाच दिवस तरी आजारपणात, पाहुण्यांत जातातच. वेळ पंधरा मिनिटं: सकाळी दहा आणि रात्री पाच.

सकाळी आधी कालपर्यंतचं न बघता म्हणा. मग आजचं वचन पाहून पाच-सहा वेळा मोठ्याने वाचा, अर्ध्यावर जिथे विराम आहे तिथे खरोखर थांबून. मग पुस्तक झाकून म्हणा. अडलं की बघा, पुन्हा झाका. न बघता लागोपाठ तीन वेळा बिनचूक आलं की ते वचन त्या दिवसापुरतं झालं. त्यानंतर आधीच्या वचनाचा शेवटचा अर्धा भाग आणि नव्याचा पहिला अर्धा भाग असा सांधा वेगळा पाच वेळा म्हणा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि म्हणूनच पुढचं वचन कुठून सुरू होतं ते आठवत नाही. वचन पाठ असतं, सांधा पाठ नसतो.

मधल्या टप्प्यासाठी आद्याक्षरांची चिठ्ठी उपयोगी पडते. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर काना-मात्रेसकट लिहायचं. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ याचं होईल: प मा में आ, म का उ प ना. मात्रा आणि अनुस्वार सोडू नका. नुसता ‘म’ तीनदा लिहिला तर त्यातला मेंढपाळ कुठला ते कळणार नाही. ही चिठ्ठी दोन-तीन दिवस वापरा आणि मग फेकून द्या. जपून ठेवली तर चिठ्ठीच पाठ होते.

रात्री मात्र घोकू नका, प्रार्थना करा. जेवढं आलं आहे तेवढंच, दिवा मालवून, सावकाश. पहिल्या काही दिवसांत दोन-तीनच वचनं असतील, हरकत नाही. अडलात तर दिवा लावून बघायचं नाही. जिथवर आलं तिथे थांबून प्रभूची प्रार्थना म्हणा आणि अडलेली जागा सकाळी तपासा.

तपासणं अत्यावश्यक आहे. पहिल्या आठ-दहा दिवसांत बसलेली चूक काढणं नवीन वचन शिकण्यापेक्षा अवघड जातं. आठवड्यातून एकदा घरातल्या कुणाच्या तरी हातात पुस्तक द्या आणि म्हणून दाखवा. ऐकणाऱ्याने लगेच टोकू नये. चूक पेन्सिलीने मार्क करावी आणि शेवटी सांगावी.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे वाचताना येणारा सराईतपणा. दहा वेळा वाचलं की वचन ओळखीचं होतं आणि आपल्याला वाटतं, झालं पाठ. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिलं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवलं, पण आठवड्याने, न बघता आठवायचा सराव केलेले पुढे होते. अडखळत आठवणं हाच खरा व्यायाम आहे. कष्ट जाणवले नाहीत तर त्या दिवशी फारसं काही घडलेलं नाही असं समजा.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे दर वेळी पहिल्या वचनापासून सुरुवात करणं. मग पहिली चार वचनं दगडावर कोरल्यासारखी होतात आणि बारावं कच्चं राहतं. आठवड्यातून दोनदा ९१ ची सुरुवात नवव्या किंवा चौदाव्या वचनापासून करा. शेवटचा भाग आधी शिकून मागे मागे येण्याचीही पद्धत आहे. ९१ ला ती चांगली लागू पडते, कारण मग आपण नेहमी कच्च्याकडून पक्क्याकडे जातो.

संदर्भ, म्हणजे स्तोत्राचा आणि वचनाचा आकडा, पूर्ण स्तोत्र शिकताना फारसा लागत नाही. सुटी वचनं शिकत असाल तर मात्र तो वचनाच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा म्हणावा. नॅव्हिगेटर्स संस्थेच्या ६० वचनांच्या प्रसिद्ध पद्धतीचा हा नियमच आहे.

पूर्ण स्तोत्रच का

याचं उत्तर स्तोत्र ९१ च्याच वाट्याला आलेल्या एका प्रसंगात आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो, उडी टाक म्हणतो आणि आधाराला वचन देतो ते याच स्तोत्रातलं ११ आणि १२. सैतानालाही पाठ होतं! फक्त ‘तुझ्या सर्व मार्गांत’ हे शब्द तो गाळतो, आणि सिंह-नाग पायाखाली तुडवण्याचं तेरावं वचन येण्याआधीच थांबतो. येशूची तीनही उत्तरं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातल्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत, म्हणजे इस्राएलच्या रानातल्या परीक्षेबद्दलची. तो स्वतः रानात आहे, आणि आठवलेलं वचन त्या जागेला लागू आहे.

सुट्या वचनांचं असंच होतं. ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे’ हे फिलिप्पै ४:१३ परीक्षेच्या दिवशी स्टेटसला झळकतं. आदली दोन वचनं भुकेत आणि भरल्या ताटावर सारखंच समाधानी राहायला शिकल्याबद्दल आहेत. यिर्मया २९:११ मधली आशा ज्यांना सांगितली ते बाबेलात बंदिवान होते, आणि आदल्याच वचनात त्यांना ७० वर्षं थांबायला सांगितलं आहे. सुटं वचन पाठ करायचंच असेल तर त्याच्या आगचं-मागचं एकेक वचन जोडून तिघांचा गट करावा.

यातून नको असलेल्या ओळींचा प्रश्नही येतो. स्तोत्र १३९ शिकताना १९ ते २२ ही दुष्टांवर तुटून पडणारी वचनं सर्रास वगळली जातात. कॅथलिक दैनिक प्रार्थनेनेही ५८, ८३ आणि १०९ ही शापाची स्तोत्रं बाहेर ठेवली आहेत. सामुदायिक प्रार्थनेत ते समजण्याजोगं आहे. एकट्याच्या पाठांतरात मात्र ती ठेवावीत असं वाटतं. रागही देवापुढेच मांडायचा असतो.

अर्थ आणि नुसतं पुटपुटणं

येशूने व्यर्थ बडबडीबद्दल इशारा दिला आहे, मग पाठ म्हणणं म्हणजे तेच नाही का, हा प्रश्न नेहमी येतो. पण त्याच इशाऱ्याच्या पाठोपाठ त्याने शिष्यांना शब्दशः एक प्रार्थना दिली. बडबड होते ती पाठ आहे म्हणून नव्हे, वेग वाढतो म्हणून. पाठ झालेल्या मजकुराचा वेग आपोआप वाढत जातो. महिन्याभरात ९१ दोन मिनिटांच्या आत उरकू लागलं तर समजा, गाडी घसरली.

यावर संत इग्नेशियस यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात (१५४८) दोन रीती दिल्या आहेत. पहिलीत ओळखीची प्रार्थना घ्यायची, पहिल्या शब्दावर थांबायचं, आणि जोवर त्यातून काही मिळतंय तोवर पुढच्या शब्दाकडे जायचं नाही. तास गेला आणि एक-दोनच शब्द झाले तरी चालतं, उरलेली प्रार्थना शेवटी नेहमीसारखी म्हणून टाकायची. दुसरीत एका श्वासाला एक शब्द आणि त्या शब्दाचाच विचार. दुसरी रीत १३४ सारख्या छोट्या स्तोत्रावर आठवड्यातून एकदा करून पाहण्यासारखी आहे. ९१ वर करू नका, झोप लागेल. तिथे अर्धं वचन एका श्वासात आणि मध्ये एक रिकामा श्वास एवढं पुरतं.

सहा आठवड्यांनंतर

ही तीन स्तोत्रं रोज रात्री म्हटली जात असतील तर त्यांच्या उजळणीची वेगळी सोय लागत नाही. पुढे जे घ्याल त्याची लागते. नवीन स्तोत्र पूर्ण झालं की ५० दिवस रोज, मग वर्षभर आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून एकदा. एका छोट्या डब्यात कार्डं ठेवा, मागे तीन कप्पे: रोज, वार, तारीख. प्रत्येक स्तोत्राचं एक कार्ड, त्यावर फक्त आकडा आणि पहिले तीन शब्द. तारखेच्या कप्प्यात ३० स्तोत्रं जमली तरी दिवसाला एकच वाट्याला येतं.

पुढचं काय निवडावं हेही वेळेवरूनच ठरवा. सकाळसाठी जखऱ्याचं गीत, लूक १:६८–७९. संध्याकाळसाठी मरियेचं, लूक १:४६–५५. प्रवासाला निघताना स्तोत्र १२१, आठच वचनं. आजाऱ्याच्या भेटीसाठी २३. त्यात सुरुवातीला ‘तो’ आहे आणि मृत्युच्छायेच्या दरीपासून ‘तू’ होतो, तो सांधा आधी पक्का करा. १०३ ची २२ वचनं घ्यायला हरकत नाही, पण त्याची पहिली आणि शेवटची ओळ एकच आहे. शेवटाला पोचल्यावर स्तोत्र पुन्हा सुरू होणार नाही याची काळजी घ्या, कार्डावर २२ हा आकडा ठळक लिहा.